चालवून घ्यावे

बावीस सेकंदांची आहे.
घड्याळ लावून मोजली मी, तीनदा,
धरणगाव नगरपालिकेच्या ओट्यावर उभा राहून.
निवृत्त माणसाच्या अंगाला असली कामं चिकटतात.
पाहुणे गाडीतून उतरले की वाजते,
झेंडा चढायच्या आधी वाजते,
मागे एकदा नव्या पाण्याच्या टाकीसाठीही वाजली
आणि टाकी पहिल्याच आठवड्यात गळली, ते असो.

स्मरणिकेच्या पान नऊवर मला एवढंच लिहायचं होतं:
सलामीची धून. संगीतकार. आणि पुढे एक नाव.

गंगाधर शिंपी म्हणाले, साहेबाची.
भिल्ल पलटणीत कुणी गोरा होता,
दिवेलागणीला बंगल्याच्या पायरीवर बसून वाजवायचा.
साहेबाचं नाव?
म्हणाले, साहेबच.

उखर्डू मास्तरांच्या नातवाने शपथ घेतली, आमच्या आजोबांची.
पण आजोबा चौथीत होते त्या सालच्या पत्रिकेवर
‘आगमन व सलामी’ छापलेलं आहे.
दाखवलं.
तेव्हापासून तो रस्त्यात मला ओळख देत नाही.

गफ्फार पिंजारींचा बँड मोडून नऊ वर्षं झाली.
कॉर्नेट तेवढं उशाशी,
मुलाच्या लग्नातल्या टॉवेलात गुंडाळलेलं.
कोणी बांधली ही, गफ्फारभाई?
“मन्हा बाप वाजाडे, मी बी वाजाडस.
कोनी बनाडी ते नको इचारू भाऊ,
दम कोठे लेवाना ते इचार.”

मग घरी पेटी घेऊन बसलो.
एकेक सूर बोटाने चाचपत, आंधळ्याने भिंत चाचपावी तसा.
सगळे सापडले. खालचा रे तेवढा कुठेच नाही.
चढताना ओलांडलेला,
आणि उतरताना तर ग नंतर मोकळी जागा,
दोन मात्रांची,
मग थेट सा.

त्या दोन मात्रांत अख्खं गाव सावधान असतं.
टोप्या नीट होतात, पोरं खोकला दाबतात.
ही जागा हुतात्म्यांसाठी ठेवलीय,
असं शाळेत आम्हांला सांगितलेलं.
माझे डोळे भरायचे तिथे. खोटं कशाला बोलू.

रेकॉर्ड रूममध्ये, घुशींनी कडा खाल्लेलं
डेडस्टॉक रजिस्टर, सन सदतीस:
कॉर्नेट, नग एक. तिसरा खटका अडकतो.
शेरा: चालवून घ्यावे.

तिथेच एका मोडक्या मतपेटीवर बसलो.
खालचा रे काढायचा तर तिसरा खटका दाबावा लागतो.

म्हणजे साहेब नव्हे.
ज्याच्या बोटाखाली हाच खटका रुतून बसला होता, तो.
ज्याने अर्ज दिला, पुन्हा दिला,
तेल घातलं, शिव्या घातल्या,
आणि मग उद्या कलेक्टर येणार म्हणून
रात्रीतून रेशिवाय चालायला शिकला.

शेऱ्याखालची सही ठसठशीत आहे,
माझ्याच खुर्चीवरच्या कुणा जुन्या कारकुनाची.
वाजवणाऱ्याचा पगार सापडला, दरमहा चार रुपये, दोन महिने थकीत.
नावाच्या रकान्यात: सदर इसम.

चौऱ्याहत्तर साली भुसावळला खटका दुरुस्त झाला.
पावती आहे, साडेअकरा रुपयांची.
मग रे का नाही घातला तुम्ही, गफ्फारभाई?
ते इतके हसले की ठसका लागून पाणी मागवावं लागलं.
“तठेच ते दम लेतस आम्ही.”

स्मरणिकेत मी नावाची जागा कोरी सोडली.
जळगावच्या प्रेसवाल्याला वाटलं, राहून गेलं.
त्याने आपल्या मनाने भरलं: पारंपरिक.

तीनशे प्रती.
रात्री पेन घेऊन तो शब्द खोडत बसलो.
परंपरेचा खटका अडकत नाही,
तिचे चार रुपये थकत नाहीत,
तिच्या ओठांना फोड येत नाहीत,
असं काहीबाही पुटपुटत,
बायको आतून विचारत होती कोणाशी बोलताय.

सत्तराव्या प्रतीला शाई संपली.
उरलेल्या तशाच वाटल्या.