आधी साखळी

मळणीचं यंत्र तीन वर्षं माडाखाली उभं होतं.
कोंबड्या त्यात अंडी घालायच्या.
इनास फर्नांडिस त्याच्याभोवती फिरला,
टिचकी मारली, कान लावला,
फणस पिकला का बघावा तसा,
आणि म्हणाला, "हाडां बरी आसत."

ढोल, जाळ्या, पट्टे
भंगाराच्या टेम्पोतून देवगडला गेले.
त्या पैशांत वेल्डिंगचे रॉड आले
आणि जीपचे दोन जुने रुंद टायर,
वाळूत रुतणार नाहीत असे.

मग मी माळ्यावरून सासऱ्यांचा लोखंडी नांगर काढला.
फाळ झिजून जिभेएवढा उरलेला,
दांडा मात्र सरळ.
"असा लोखंड आता कोण करता?"
इनासने तो मांडीवर घेऊन पुसला.
त्या दांड्याचं ट्रेलरचं नाक झालं,
नाकाला भोक, भोकात सहा सुती पिन,
पिन माझ्या पॉवर टिलरच्या पाठीत.

टिलर बारा हॉर्सपॉवरचा.
हिंदळ्यात आमच्या वाडीत आता बैल एक नाही,
घोडे बारा,
आणि बाराही मीच हाकते.

होडी जगल्या कोयंड्याची.
मे सरत आला की तिला पुळणीवरून वर घ्यायची,
ओंडक्यांना उंडीचं तेल चोपडून, आरोळी देत,
सोळा माणसं लागायची.
सोळांतले चार मस्कतला,
सहा विरार-नालासोपाऱ्याला,
दोघं देवाघरी.
उरल्या चौघांचे गुडघे आठ,
चालणारे तीन.

होडी ट्रेलरवर बसली.
इनासने नाक एका हाताने उचललं,
ते उचललं गेलं, सुपासारखं.
"उलाळ झाली मगे. इंजिन फुडे सारा."

उलाळ.
वीस वर्षांनी ऐकला हा शब्द.
गाडीत शेण भरताना सासरे ओरडायचे,
मानेवर थोडा भार हवा गो,
नाहीतर जू वर जाईल नि बैलाला फास बसेल.
आम्ही इंजिन हातभर पुढे घेतलं,
जाळ्यांचा ढीगही.
नाक जड झालं. मला बरं वाटलं,
टिलरला मान नसते हे माहीत असून.

"आणि साखळी?"
म्हटलं, पिन आहे ना चांगली जाड.
"पिन काय, आज आसा, उद्या नाय. आधी साखळी."

गोठ्यात खुंट्याला कबऱ्याची साखळी होती.
त्याला विकला तेव्हा दोरीने नेला,
साखळी मी दिली नाही.
कोणी विचारलंही नाही.
ती दांड्याखालून फुलीसारखी फिरवून बांधली.

पुळण पार झाली.
चिऱ्याच्या चढावर, अर्ध्यात,
नारळ दगडावर पडावा तसा आवाज आला.
पिन गेली.
होडी मागे सरली, वीतभर,
आणि साखळी ताणली.
मी ब्रेकवर उभीच राहिले.
मागे जगल्या, म्हातारा लवू नि इनास
चाकांखाली चिरे सारत होते,
कुणी आरोळी दिली नाही.
खाडीवर एक बगळा होता, तो हलला नाही.

नंतर इनासने तुटकी पिन बघितलीसुद्धा नाही.
साखळी हातात घेऊन कडी कडी मोजत गेला.
एक लांबट झाली होती.
"बदलू?" मी विचारलं.
"व्हयी तर. पण ही फेकू नको."

नवी पिन त्याने फाळ तापवून ठोकली,
जिभेएवढ्या लोखंडाची, पण घट्ट.
संध्याकाळपर्यंत मिठबावचे दोघे विचारायला आले.
दर सांगितला. डिझेल वेगळं.
उधारी नाही, मासळी चालेल.

काळी कोंबडी मात्र सकाळी अजून
माडाखाली येते.
यंत्र नाही तिथे घुटमळते,
दोन फेऱ्या मारते,
मग गंजाच्या तांबड्या चौकोनावर
अंग फुगवून बसते.