प्रार्थनेला गैरहजर

एप्रिलमध्ये नागपूर सकाळी सातलाच तापतं.
पाचपावलीच्या आमच्या शाळेत सातवी ब ला एकच कूलर,
कुण्या माजी विद्यार्थ्याने दिलेला,
पत्र्यावर त्याच्या वडिलांचं नाव, स्मृतिप्रीत्यर्थ.
मागच्या भिंतीवर मी सुविचार रंगवून घेतला होता.
ओल धरून धरून दोन शब्द गळाले.
‘नेहमी खरे’ गेलं.
‘बोलावे’ एवढं उरलं.
पोट्टे ते अगदी मनापासून पाळतात.

मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे,
कुणालाच नको असतो म्हणून.
वहीत दहा रकाने, सत्यप्रियतेपासून सुरू.
त्यात अ, ब, क भरायचं. पेनाने.

मार्चच्या बैठकीत टेंभुर्णे सर म्हणाले,
धर्माचं अधिष्ठान नसलं की संस्कार हवेत राहतात.
गजभिये सर म्हणाले,
कोणाच्या धर्माचं, तेवढं आधी लिहून द्या.
कुणीतरी अन्सारी मॅडमना विचारलं, तुमच्यात काय शिकवतात?
त्यांचं बिस्किट चहात तुटून पडलं.
गरम आहे जरा, त्या म्हणाल्या.
ठराव झाला: प्रार्थनेची हजेरी रोज घ्यावी.

मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?
टांडापेठेतल्या खोलीत माझा बाप
मागाला हात लावण्याआधी उदबत्ती लावायचा,
धोट्याला कुंकू.
लुगड्यात चार बोटं सूत कमी पडलं तरी शेठला कळलं नसतं.
मागाले कळते, तो म्हणायचा.
आजही मोजून देताना माझा हात आखडत नाही
तो त्या उदबत्तीमुळे, हे नाकारू कशी?
आणि त्याच उदबत्तीच्या वासात
आई भांडेवालीला कान तुटलेल्या वेगळ्या कपात चहा द्यायची,
हे तरी विसरू कशी?

साहिल. सलग एकोणीस दिवस गैरहजर.
नावावरून काही कळत नाही.
हजेरीपटातलं आडनाव आणि पुढचा रकाना
मी बोटाने झाकला,
मग माझीच मला लाज वाटली.
झाकायलाही आधी पाहावं लागतं.

विसाव्या दिवशी रांग सोडून मी वर गेले.
खाली तीनशे गळे ‘सत्य’ हा शब्द लांबवत होते.
वर हा, बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून
कूलरमध्ये पाणी ओतत होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली.
काहून रे?
त्याने असं पाहिलं, जसं मीच काही विसरले.
तापते न, बाई.

मी खूश झाले. नको तितकी.
पुढच्या तासाला सांगायची गोष्टही मनात जुळवली,
तेवढ्यात कूलरच्या जाळीमागे
सोमवारी हरवलेला खडूचा डबा दिसला.
रंगीत सगळे संपलेले.

तू नेला?
हो. बहिणीले. तिची शाळा सुटली न.
मग सोमवारी काहून नाही बोलला?
अख्खा वर्ग उभा केला होता मी!
तुमी म्हटलं, देवाची शपथ घ्या अन् बसा.
हो, मग?
मी नुसता बसलो.

खाली प्रार्थना संपली, चपलांचा आवाज जिन्यात आला.
वही साडेअकराच्या आत द्यायची होती.
श्रमप्रतिष्ठेत अ लिहिला, तो सोपा होता.
सत्यप्रियतेवर पेन इतका वेळ टेकवलं
की शाईचा टिपका पसरला,
आता तिथे कोणतंच अक्षर बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या हजेरीत
दोन नावं गैरहजर.
बादलीची कडी एवढी रुतते, मला माहीत नव्हतं.
दर पायरीला माझ्या बाजूने पाणी हिंदकळत होतं,
आणि तो वरून म्हणत होता,
सरळ धरा न, बाई.
सांडून राहिलं.