सर्पाची दुरुस्ती

देल्कूर म्हणाला, वाजायला नकोय हो,
नुसता टांगायचाय, हॉटेलात, शेकोटीच्या वर.
बटाट्याच्या पोत्यातून काढून त्याने
तो माझ्या टेबलावर ठेवला:
अक्रोडाच्या दोन फाका सरसाने जोडलेल्या,
वर काळं चामडं, ठिकठिकाणी तडकलेलं,
आठ फूट लांबीचा श्वास
वेटोळं घालून बसलेला.

पोटात उंदरांनी संसार मांडला होता.
चिमट्याने ओढलं तसं निघालं
गवत, मेणाचे थेंब,
प्रार्थनेच्या पुस्तकाचा कपटा,
अर्धं आमेन, अर्ध्या लेंड्या.

भोकं सहा.
ब्लांदीन, माझी शिकाऊ, पट्टी लावते आणि चिडते:
ही सगळी चुकीच्या जागी आहेत!
खरंय तिचं.
सुराला हवी होती तिथे बोटं पोचत नव्हती,
म्हणून बोटं पोचतात तिथे पाडली,
तीन इकडे, तीन तिकडे,
आणि उरलेलं सगळं सोपवलं ओठांवर.
दोनशे वर्षं कुणी ना कुणी
खेड्यापाड्यांतल्या गार चर्चमध्ये
चुकीच्या भोकांतून बरोबर सूर काढत राहिलं,
गावाच्या बेसूर गळ्यांखाली
खर्जाची सतरंजी अंथरत.

मग याने कात टाकली.
पितळेचा झाला, अंगावर चाव्या फुटल्या,
भोकं रुंदावली, आपापल्या जागी सरकली.
नाव बदललं, पण ग्रीकमध्ये सापच राहिला.
मग आणखी एकदा कात: झडपा, ट्यूबा,
जो माझा भाऊ रविवारी
बँडच्या मागच्या रांगेत मांडीवर घेऊन बसतो,
आणि पाऊस आला की ज्याच्या कर्ण्यात पाणी साठतं.

तोंडाशी, पितळी कड्याखाली, सुईने कोरलेलं:
फिर्मां, १८०९.
डाव्या हाताचं मधलं भोक झिजून लांबट झालंय.
माझं बोट ठेवून पाहिलं.
बसलं.

तीन आठवडे. सरस, टाके, मेण.
शेवटच्या संध्याकाळी फुंकला.
आधी नुसती हवा. मग गोठ्यातल्या वासरासारखं काहीतरी,
ब्लांदीन हसायला लागली,
मग खिडकीची काच थरथरली
आणि ती गप्प झाली.

बिल फक्त पॉलिशचं लावलं.
देल्कूर येताना चांगला जाड खिळा घेऊन आला होता.
मी म्हटलं, बाहेरची भिंत नको, ओल धरते.
बाकी काही बोलले नाही.
ब्लांदीनने मात्र, तो पैसे मोजत होता तेव्हा,
पोत्याच्या तळाशी हळूच सोडली
नवी मुखनळी,
बैलाच्या हाडाची,
तिने स्वतः घासलेली.