उदाहरणासह स्पष्ट करा

बोधात्मक विकासाच्या चार अवस्था.
स्वित्झर्लंडच्या त्या माणसाचं नाव
वहीच्या मागच्या पानावर सात वेळा लिहून काढलंय,
उच्चार अजून जिभेवर बसत नाही.
गवळी मॅडम म्हणतात, पेपरात उच्चार विचारत नाहीत.

शनिवार-रविवार तासगावात वर्ग,
एसटी स्टँडच्या मागे, खताच्या दुकानावरचा मजला.
युरियाचा वास आणि बावीस जणी.
सगळ्यांत मोठी मी, एकोणचाळीस.
शेजारची सानिका विशीतली, तिला सगळं पाठ.
फक्त मूल कडेवर घेताना ती
भरली कळशी पहिल्यांदाच उचलल्यासारखी
एका अंगाला वाकडी होते.

पान चौदावर तक्ता आहे.
तिसऱ्या महिन्यात मान धरते,
आठव्यात बसते,
अठराव्यात दहा-बारा शब्द बोलते.
मला तो तक्ता चाळणीसारखा दिसतो.
अकरा सीझन बेदाणा निवडलाय मी.
मोठा वर राहतो, बारका खाली पडतो,
काळा वेगळा, देठ वेगळे,
आणि खाली पडलेल्याचा भाव
दुसराच कुणीतरी ठरवतो.

अठराव्या महिन्यात विराजला किती शब्द येत होते?
रात्रभर आठवत बसले.
टेबलाखाली प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, बारदानावर तो,
आणि वर मी, बॉक्स मोजत.
बॉक्सचा आकडा झोपेतून उठवलं तरी सांगेन:
सत्तावीस. हात चालला त्या दिवशी तीस.
शब्द
मोजायचे असतात हेच ठाऊक नव्हतं.

प्रात्यक्षिकाला मणेराजुरी रस्त्यावरचं पाळणाघर मिळालं.
निरीक्षण, वीस मिनिटं.
सूचना क्रमांक चार: निरीक्षकाने हस्तक्षेप करू नये.
अल्फिया मुलाणी, वय एक वर्ष एक महिना.
बेदाणा ठेवणार होते, पण घशात अडकतो,
म्हणून हातातली प्लॅस्टिकची बांगडी काढली,
तिच्यादेखत वाटीखाली झाकली.
तिनं वाटी उचलली, बांगडी घेतली,
तोंडात घातली, माझ्याकडं बघून हसली.
वस्तुस्थायित्व: आढळले.
मी बरोबरची खूण केली, अक्षर चांगलं आलं.

दोन वाजता तिची आई शेडवर परत गेली.
दाराची कडी लागली.
अल्फिया रडली, दाराला थापट्या मारल्या,
मग गप्प झाली, रांगत परत आली,
आणि रिकाम्या फरशीवर
तिनं वाटी पालथी घातली.
उचलली.
पालथी घातली.
उचलली.

फॉर्मवर रकाने तीन: हालचाल, भाषा, भावना.
मी हालचालीत लिहिलं, खोडलं,
भावनेत लिहायला घेतलं,
मग पेन खाली ठेवून तिला उचलूनच घेतलं.
सूचना क्रमांक चारचे दोन गुण गेले.
मॅडम म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या नाही, सवयीच्या बाई आहात.
चांगलं म्हणाल्या की वाईट, कळलं नाही.

आता परीक्षेला नऊ दिवस.
जेवणं झाली की विराज प्रश्न विचारतो,
सोळाचा, ओठावर लव फुटलेली,
पाय खाटेच्या बाहेर.
"वस्तुस्थायित्व. पाच मार्काला हाय बघ, आई."
वस्तू नजरेआड गेली तरी ती असते, ही जाण.
"उदाहरण?"
मी भांडी पुसत राहते.
तीन वर्षांच्या आतलं माणसाला आठवत नाही,
पान एकसष्टवर स्पष्ट छापलंय.
"आई, उदाहरण सांग की."

तेवढ्यात पलीकडच्या शेडात गंधकाची धुरी देतात.
अख्खी गल्ली खोकते, खिडक्या लावून घेते,
सून आली तशी समोरची आक्काही पदर नाकाला लावते.
मी खिडकीकडं जाते, लावते,
वळून बघते तर
पुस्तक छातीवर उघडं,
आणि हा
अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन,
क्रेटात मावेल एवढा होऊन
गाढ झोपलेला.