सातवा खांब

ओढ्याच्या पुढे गोदावरीला घाट नाहीत, आरती नाही,
ती नुसती नदी असते, बाभळी आणि गाळ घेऊन.
तिथे जुन्या पुलाचे खांब उभे आहेत.
गर्डर कापून नेले, किलोच्या भावाने.

सातव्या खांबात एक दगड उलटा बसलाय.
हणमव्वा वडारणीने बसवला, असं आप्पा सांगायचे;
साहेब म्हणाला, काढ,
तोवर चुन्याने धरला होता.
साहेबाचं नाव कुठल्याशा नकाशावर असेल.
तिची खूण दगडावर आहे:
तीन टाके, एक आडवी रेघ,
डोकं खाली करून.

आप्पा या पुलावर चावीवाले.
सत्तावीस वर्षं, पहाटे, या काठावरून त्या काठाला
हातोडीने बोल्ट ठोकत, मान तिरकी करून.
घट्ट बोल्ट खणखणतो, म्हणायचे,
सैल झालेला नुसता हुं म्हणतो.
घरी मात्र त्यांना कमी ऐकू यायचं.
आई ताटावर पळी वाजवायची.

महापुराच्या रात्री गर्डरखाली दोन वीत जागा उरली.
वाहत आलेलं एक छप्पर सातव्याला अडकलं,
त्यावर एक कोंबडी, जिवंत.
आप्पांनी रुळावर तीन फटाके बांधले,
लाल कंदील धरून उभे राहिले.
मेल थांबली. ड्रायव्हर डिकास्टा खाली उतरला,
दोघांनी एकच बिडी ओढली
आणि खांबाकडे बघत राहिले,
आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे.
पहाटे छप्पर सुटलं. खांब होता तिथेच.

आठवड्याने कागद आला:
मेल तीन तास दहा मिनिटं उशिरा, खुलासा करावा.
मी तेव्हा चौथीत. अक्षर माझं, वाक्य त्यांचं:
"पाणी काय म्हणतं ते ऐकत होतो."
एक वेतनवाढ गेली.

आता गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात.
खिडक्यांतून नाणी पडतात,
ओढ्याची पोरं दोरीला चुंबक बांधून ती काढतात,
पितळी निघाली तर शिव्या देतात, चुंबकाला चिकटत नाही.

भंगारवाल्याकडून मी एक बोल्ट घेतला.
सव्वा किलो. लासलगावच्या गाळ्यात
कांद्याच्या पावत्यांवर ठेवलाय.
ट्रॅक्टर गेला की टेबल थरथरतं, तोही.
हातोडी घरी आहे, आप्पांचीच.

अजून ठोकून पाहिलेला नाही.