दोन छोटे स्पीकर

ऐरोलीच्या खाडीकाठी, जिथे डांबर संपतं
आणि चिखल सुरू होतो,
तिथे शनिवारी मला बोलावलं होतं
फक्त दोन छोटे स्पीकर घेऊन.

दोन!
घणसोलीत माझ्या गाळ्यात बेसचे बत्तीस डबे पडलेत.
हळदीला लावले की पाचव्या मजल्यावरच्या काचा नाचतात,
न बोलावलेले शेजारीसुद्धा
छातीच्या आतून ताल धरतात.
टेम्पोवर लिहिलंय : मढवी साऊंड, ऐकू येणारच.

आणि ही उल्का म्हसकर, शाळेत विज्ञान शिकवते म्हणे,
आवाज मोजायचं यंत्र घेऊन माझ्या टेबलाशी उभी.
आकडा जरा चढला की तळवा जमिनीकडे करून
हात हळूहळू खाली आणते,
जणू समोर कुणाचं तान्हं निजलंय.
"तिवरांपलीकडे पाखरं उतरलीत, दादा."
म्हटलं, पाखरांनी तिकीट काढलंय का?
म्हणाली, तिकीट तर तुम्हीही नाही काढलं.

लोक आले. घरून पेले घेऊन आले, सरबतासाठी.
एका आजोबांनी तांब्याच आणला.
प्लास्टिकची बाटली दिसली की शिट्टी मारायचं काम
एका टिल्लूला दिलं होतं,
त्याची शिट्टीच यंत्रात सगळ्यात वर गेली,
ती जप्त झाली, तो रडला,
मग त्याला तिवराची रोपं मोजायला बसवलं.
रंगाच्या रिकाम्या डब्यांचा ताशा वाजला,
बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी सतार लावण्यातच
अर्धा तास घालवला, आणि कुणी उठलं नाही.

मग दिवागावची बारकीबाय केणी.
धवळारीण. पंचाहत्तरीच्या पुढची, अंबाड्यात अबोली.
मी माइक पुढे केला, तिने कोपराने ढकलला.
"बाजूला कर यो. याचे आदी लग्ना होत नव्हती क?"

आणि गायला लागली.
मांडवाचा खांब कुठून आणला,
कुणी तोडला,
तोडायच्या आधी झाडाला काय विचारलं,
झाड काय म्हणालं.

मी टेबलामागे, हातात बटणं, वायरीच्या टोकाला कुणीच नाही.
सवयीने आवाज वाढवला. काय वाढणार?
तेव्हा एक दिसलं.
माझ्या आवाजापुढे माणसं मागे रेलतात.
हिच्यापुढे सगळी माणसं,
सतारवाल्या बाई, तांब्यावाले आजोबा, माझी दोन पोरं,
सगळी थोडी थोडी पुढे वाकली होती.

मला झाड काय म्हणालं ते ऐकूच आलं नाही.

पाच-सव्वापाचला ओहोटी लागली.
मुलांनी पोकळ बांबू चिखलात रोवून ठेवले होते,
त्यांना कान लावून ओणवी, रांगेत.
केतकी नावाची एक, पुढचे दात पडलेली, मला म्हणाली,
"काका, चिखल बोलतोय. या ना."

मी वाकलो, डावा कान लावला.
त्या कानात अकरा वर्षं एक रातकिडा राहतो,
अष्टौप्रहर, बिनभाड्याचा.
बायकोला ठाऊक आहे. रस्त्याने चालताना
ती न सांगता माझ्या उजव्या बाजूला येते.
बाकी कुणाला नाही. साऊंडवाल्याने हे सांगायचं नसतं.

"आलं ऐकू?"
"हो तर."
"कसं?"

पकडला गेलो.
म्हटलं, तूच सांग.

तिने डोळे मिटले.
"आजी रात्री हरभरे भिजत घालते ना,
आणि स्वयंपाकघरात कुणीच नसतं,
तसं. टिक्.
मग खूप वेळाने, टिक्."

मी गुडघ्यांवर बांबूला अर्धी फेरी मारली.
पॅंट गेली कामातून.
उजवा कान लावला.
आधी काहीच नाही. मग रक्ताची धडधड, माझीच.
मग ती पण जरा बसली.

मागून टेम्पोपाशी पोरांनी हाक दिली,
"शेठ, भरायचं का सामान?"

मी मान न उचलता
तळवा जमिनीकडे करून
हात हळूहळू खाली आणला.