चिठ्ठीत निघालेलं नाव

पत्र आलं तेव्हा वर्ला टोस्टेनसनला वाटलं
कोर्टाची नोटीस असणार.
ओमॅकच्या शाळेत ती स्वयंपाकघर सांभाळते,
चारशे पोरांचे बटाटे, चारशे पोरांचं दूध.
पत्रात होतं: मतदारयादीतून चिठ्ठी काढली,
तुमचं नाव निघालं.
राज्याच्या आमदारांना पगार किती,
ते यंदा तुम्ही ठरवायचं.

नवरा हसला. मग म्हणाला,
टायर बदलून जा, घाटात बर्फ आहे.

ऑलिम्पियातलं टेबल लांबलचक,
पेले उपडे घातलेले.
शेजारी वापाटोचा न्हावी, युसेबियो लारियोस,
पलीकडे फेरीबोटींचा एक निवृत्त मेकॅनिक;
त्याला कमी ऐकू येतं,
प्रत्येक आकडा तो दोनदा विचारतो.
बरंच आहे, वर्लाला वाटलं.

आमदारांनी आपलं आपण ठरवायचं नाही,
कारण हातात पळी आली की
माणूस आपल्याच पोळीवर तूप ओढतो.
पळी वर्लाला ठाऊक आहे.
ती स्वतः जेवते अडीच वाजता,
उभ्याने, उरलं असेल ते.

एक पत्र वाचलं गेलं, पेन्सिलीने लिहिलेलं:
सगळे चोर, छदामही देऊ नका.
मेकॅनिकने तेही पुन्हा वाचायला लावलं.

मग एक बाई उठली.
ती निवडणूक लढलीच नव्हती.
म्हणाली, अधिवेशन जानेवारीत,
जानेवारीत माझा मालक सुट्टी देत नाही.
खाली बसली. एवढंच.
पदरमोड करायची तर
आधी पदरात काही हवं,
आणि ज्यांच्या पदरात आहे
तेच मग सभागृहात दिसतात,
फोटोत, ओळीने, चांगल्या कोटात.

जेवणाच्या सुट्टीत वर्लाने बजेटचं पुस्तक चाळलं.
शाळांचे कर्मचारी, पान दोनशेच्या पुढे,
तिथे एका रकान्यात ती स्वतः होती,
नाव नसलेली.
गेल्या वर्षी तासाला अकरा सेंट वाढले होते.
देणाऱ्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं.
तिने बोट त्या रकान्यावर ठेवलं,
बराच वेळ.

हात आखडता घेता आला असता.
न्हाव्याने विचारलं, काय वाचताय?
पगार, ती म्हणाली.
कुणाचा ते त्याने विचारलं नाही.

दुपारी नावं पुकारली.
तिच्याकडे आले तेव्हा तिला आठवलं ते
लाल टोपीवालं पोर,
ताट पुढे करून नुसतं उभं राहणारं.
त्याचा बाप कोण, ते तिने कधी विचारलं नाही.
पळी बुडवायची, भरायची, पुढचा.

हो, ती म्हणाली.
मेकॅनिकला ऐकू गेलं नाही.
हो, ती पुन्हा म्हणाली,
आणि या वेळी
तिला स्वतःलाच पटलं की नाही
ते कळेना.

परतीला घाटात बर्फ होताच.
टायरची पावती हातमोज्यांच्या कप्प्यात,
प्रवासखर्च देतात म्हणे,
सहा आठवड्यांनी.